गुरुजी ‘बस’ म्हणेपर्यंत

"लावतोस पैज?" तिमानं पिठानं पांढरा झालेला हात माझ्यापुढं केला. "पहिल्याच उपदेशात गुरुजी कुणाला तरी उभं करणार. नावानिशी."

"नाही करणार," मी म्हटलं.

"करणार."

"अरे, दोन वर्षं सेमिनरीत काढून आलाय माणूस. तिथं मऊ बोलायला शिकवतात. 'प्रिय बंधूंनो आणि भगिनींनो' असं. कणकेसारखं मळून काढतात एकेकाला."

"गुरुजींना?" मार्थामावशीनं दळणाचा डबा जमिनीवर आपटला. "त्यांना मळायची परात अजून कुठल्या कासारानं केली नाही."

गिरणीवरची सगळी माणसं हसली. तिमाला जोर चढला. "बघ, मावशीला पण माहितीये. लाव."

"लावली. काय द्यायचं हरणाऱ्यानं?"

तिमानं पैशाचं नाव काढताच मार्थामावशीनं आम्हा दोघांना एकाच शिवीत गुंडाळलं. म्हणाली, "देवाच्या माणसावर पैसे लावता? त्यापेक्षा जो हरेल त्यानं उपासना झाल्यावर, भर मंडळीसमोर, बाकावर उभं राहून, दोन्ही कान धरून एकोणतीसचा पाढा म्हणायचा."

आम्ही दोघंही गार पडलो. कारण एकोणतीसचा पाढा मला चौथीतही येत नव्हता आणि तिमाला तर चौथी दोनदा करूनही आला नव्हता. पण बघणारे इतके जमले होते, की हात मागं घ्यायची सोय राहिली नव्हती.

ही गोष्ट आमच्या भानसगावातल्या मिशन कंपाउंडची. कंपाउंड म्हणजे एक दगडी चर्च, एक शाळा, थोडीफार घरं आणि एक चिंच, जिच्यावरून पडून निम्म्या गावानं हातपाय मोडून घेतलेत. मी विल्यम ओहोळ. 'ओहोळ साउंड सर्व्हिस' माझी. लग्न असो, बारसं असो, मयत असो, निवडणूक असो, भोंगा माझाच. कंपाउंडात मला विल्या म्हणतात, आणि कुणाच्या घरी काही उपद्व्याप झाला की आधी माझ्या घरी येतात. तिमा म्हणजे तीमथी शेलार, गिरणीवाला, पहिलीपासून माझ्या बाकावरचा. मार्थामावशी नक्की कुणाची मावशी ते आजतागायत कुणाला कळलेलं नाही, पण तिनं ठरवलं की ते ठरलं.

आणि गुरुजी म्हणजे शांतवन केदारी गुरुजी. बाविसाव्या वर्षी मिशनच्या शाळेत लागले ते केस पांढरे होईपर्यंत तिथंच. कंपाउंडात त्यांनी ज्याचा कान धरला नाही असा माणूस म्हणजे एक तर म्हातारा, नाहीतर बाहेरून आलेला जावई. ताप असो, पूर असो, गुरुजी शाळेत. ज्याच्या घरी दिवा नाही त्याला संध्याकाळी स्वतःच्या ओट्यावर बसवायचे, आणि ज्याच्या घरी भाकरी नाही त्याला बसवून आधी जेवायला घालायचे. मारायचे फारसे नाहीत. त्यांची शिक्षा एकच: उभं करणं. बापाच्या नावासकट पूर्ण नाव घ्यायचे आणि म्हणायचे, "उभा राहा." मग गुरुजी 'बस' म्हणेपर्यंत बसायचं नाही. हा नियम मोडायचा विचार कुणाच्या डोक्यातसुद्धा यायचा नाही.

माझंच सांगतो. तिसरीत असताना मी फळ्याच्या पुसण्यात खाजकुयली भरली. गुरुजींनी मला उभं केलं आणि शिकवायच्या नादात विसरले. मधली सुट्टी झाली, मी उभा. शाळा सुटली, मी उभा. शिपायानं खिडक्या लावल्या, मी उभाच. गुरुजी सायकलवरून घरी गेले, चहाचा कप तोंडाला लावला आणि त्यांना आठवलं. तसेच परत आले. धापा टाकत वर्गात शिरले आणि म्हणाले, "बस." मी बसलो. "आता ऊठ आणि घरी जा." मी उठलो आणि घरी गेलो. वाटेत सायकलच्या दांड्यावर बसवून त्यांनी मला गुडदाणी घेऊन दिली, पण बस म्हटल्याशिवाय बसलो असतो तर काय झालं असतं, ते मी आजही मनात आणत नाही.

तर हे गुरुजी रिटायर झाले आणि वर्षभरातच बॅग भरून पाळक, म्हणजे चर्चचे धर्मगुरू, व्हायला सेमिनरीत गेले. साठीचा माणूस मिसरूड फुटलेल्या पोरांबरोबर होस्टेलवर. दोन वर्षांनी परत आले ते पांढरा झगा घेऊन. कंपाउंडात बायका म्हणाल्या, "गुरुजींना देवाचं पाचारण झालं." पुरुष म्हणाले, "घरी एकट्याला करमत नसेल." मला काही कळेना. कारण गुरुजींना देवाचा कंटाळा नव्हता, पण उपदेशाचा होता. लांबट उपदेश चालला की ते मागच्या बाकावर बसून आमच्या वह्या तपासायचे, हे मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं.

आमच्याकडं रीत अशी, की नव्या पाळकानं आधी एक उपदेश द्यायचा आणि लगेच, त्याच बैठकीत, मंडळीनं ठरवायचं की हा आपल्याला पाहिजे का नको. हो म्हटलं तर पाळक. नको म्हटलं तर गुरुजींनी झगा गुंडाळून पुतण्याकडं चिंचवडला जायचं. शाळेची खोली त्यांनी कधीच सोडलेली, दुसरं घर नव्हतं.

आणि नको म्हणणारा माणूस तयार होता. हेन्री उबाळे. रस्त्यांची कामं घेणारे ठेकेदार, सफारी सूट, पंचकमिटीचे सेक्रेटरी. चर्चला चकचकीत नवी फरशी त्यांनीच बसवून दिलेली, त्यामुळं त्या फरशीवर चालणारा प्रत्येक जण त्यांना जरा जपूनच चालताना दिसायचा. मतदानाची पद्धतही त्यांचीच. पूर्वी चिठ्ठ्या टाकायचे. चिठ्ठीत कोण आपल्याविरुद्ध गेलं ते कळायचं नाही, म्हणून साहेबांनी नियम आणला: पसंत असेल त्यानं उभं राहायचं, नसेल त्यानं बसून राहायचं. साहेब पहिल्या बाकावर. ते बसले की निम्मी मंडळी बसलीच. कुणाचा पोरगा त्यांच्या डंपरवर, कुणाची सून त्यांच्या ऑफिसात.

साहेबांनी आठवडाभर आधी सगळ्यांना सांगून ठेवलं होतं, "गुरुजींबद्दल मला आदर आहे. पण चर्च म्हणजे शाळा नाही. एकदा जरी मास्तरकी दिसली, तर मी उभा राहणार नाही."

म्हणजे तिमानं पैज जिंकली की गुरुजी हरले. आता कळलं ना, मी उलट्या बाजूनं का लावली?

शनिवारी दुपारी मी गुरुजींकडं गेलो. चर्चमागच्या एका खोलीत ते तात्पुरते राहत होते.

"सलाम, गुरुजी."

"सलाम. आधी पाय पूस."

मी पाय पुसले. "एक विनंती आहे. उद्या कुणाला काही विचारायचं नाही."

"का?"

"हे बघा, हेच. 'का' पण विचारायचं नाही. 'समजलं का' म्हणायचं नाही. बोट दाखवायचं नाही. कुणी जांभई दिली तर देऊ द्यायची. आणि खडू न्यायचा नाही."

"मी उपदेशाला खडू कशाला नेईन, गाढवा?"

"खिशात बघा."

गुरुजींनी झग्याच्या खिशात हात घातला. दीड खडू निघाला. आम्ही दोघंही त्याच्याकडं बघत राहिलो. गुरुजींनी तो मुकाट्यानं खिडकीत ठेवला.

"सवय आहे," ते म्हणाले.

"तेच तर म्हणतोय. उबाळेसाहेब टपून बसलेत. उद्याचा एक दिवस कळ काढा, मग मंडळीला वाटेल तेवढं बाकावर उभं करा. मी तुम्हाला खूण देतो. तुमचा तोल जायला लागला, की मी माइकमधून कुई काढीन. कुई झाली की सांभाळायचं."

"कुई."

"हो. आता एकदा म्हणून दाखवा."

गुरुजी उभे राहिले, हात जोडले, आवाज मऊ केला. "प्रिय बंधूंनो आणि भगिनींनो... पाठ सरळ ठेव, विल्या."

"कुई!" मी ओरडलो.

ते हसले. गुरुजींना हसताना फार कमी लोकांनी पाहिलंय. मग मी विचारूनच टाकलं, "गुरुजी, खरं सांगा. या वयात हे सगळं कशाला?"

"मला किल्ली पाहिजे."

"स्वर्गाची?"

"निघ इथनं."

रविवारी चर्च गच्च. जे फक्त नाताळला येतात तेही आलेले, कारण पैजेची बातमी गिरणीतून पिठाबरोबर घरोघर गेली होती. नगरहून मिशनचे अध्यक्षसाहेब आले होते, जाडजूड, शांत, घाम पुसणारे. ते समोर मोठ्या खुर्चीत बसले. पहिल्या बाकावर उबाळेसाहेब, मांडीवर मोबाइल. मी कोपऱ्यात माझ्या मशीनपाशी. तिमा मधल्या ओळीत, आणि त्याच्या शेजारी मार्थामावशी, पंच म्हणून.

गीतं झाली, प्रार्थना झाली आणि गुरुजी पांढऱ्या झग्यात उभे राहिले. विषय मेंढपाळाचा. काय सांगू, लोणी! मऊ आवाज, जोडलेले हात, कुणाच्या डोळ्यात बघणं नाही. अध्यक्षसाहेब मान डोलावत होते. मी तिमाकडं बघून दोन्ही कानांना हात लावून दाखवले. तो तोंड पाडून बसला.

"मेंढपाळ सगळ्यात शेवटच्या मेंढराच्या चालीनं चालतो," गुरुजी म्हणाले. "समजलं का?"

"होऽऽ गुरुजी!" अख्खं चर्च एका सुरात.

मी 'कुई' काढली. गुरुजी दचकले, सावरले. उबाळेसाहेबांनी मान वळवून बाकीच्यांकडं बघितलं. गंमत म्हणजे 'हो गुरुजी' म्हणताना त्यांचेही ओठ हललेले मी पाहिले होते.

पाच मिनिटं पुन्हा लोणी. मग, "ए, तिकडं खिडकीजवळ काय चाल..." कुई! गुरुजींनी खोकला काढला. "...खिडकीजवळून वारा छान येतोय."

आता थोडंच राहिलं होतं. मी मनातल्या मनात तिमाला बाकावर चढवत होतो.

तेवढ्यात मागचं दार किलकिलं झालं. वीटभट्टीवरची पोरं. दरवर्षी भट्टीवर जी कुटुंबं येतात ना, त्यांची. केस पाण्यानं चोपून बसवलेले, कुणाचा सदरा गुडघ्यापर्यंत, कुणाच्या पायात चपला, कुणाच्या नाहीत. सगळ्यांचे पाय मात्र लाल. गुरुजींनी त्यांच्याकडं बघितलं आणि त्यांचा चेहरा एकदम उजळला. मला तेव्हा वाटलं, कुणीतरी बोलावलंय यांना. ज्यानं बोलावलं तो समोर झग्यात उभा होता.

उबाळेसाहेबांनी मान वळवली. लाल पाय पाहिले, मग आपली फरशी पाहिली. त्यांनी दाराजवळ बसलेल्या त्यांच्या ड्रायव्हरला दोन बोटांनी खूण केली. ड्रायव्हर उठला, पोरांना मागं सारलं, दार लावलं आणि कडी घातली. त्या कडीचा आवाज सगळ्या चर्चला ऐकू गेला.

गुरुजी थांबले.

एकदम थांबले. वाक्याच्या मधेच. हे थांबणं मला माहीत होतं. चौथीतल्या सगळ्या पोरांना माहीत होतं. मी घाईघाईनं कुई काढली. गुरुजी हलले नाहीत. दुसरी काढली, लांब, कानठळ्या बसतील अशी. गुरुजींनी माझ्याकडं बघितलं. मग शांतपणे माइकचं बटण बंद केलं, माइक स्टँडवरून काढला आणि टेबलावर आडवा ठेवला.

चौतीस वर्षं त्या माणसानं बिनमाइकचं शिकवलं होतं.

"हेन्री लाजरस उबाळे. उभा राहा."

मी शपथ घेऊन सांगतो, साहेब उठले नाहीत, ते उठवले गेले. डोक्याला काही कळायच्या आत गुडघे सरळ झाले. मांडीवरचा मोबाइल खाली पडून बाकाखाली घसरत गेला. साहेबांचे दोन्ही हात आपोआप पाठीमागं गेले आणि एकमेकांत अडकले. तिमानं हर्षानं मूठ आवळली आणि लगेच सोडली. त्यालाही कळलं, की काहीतरी मोठं झालंय.

"दार कुणी लावायला सांगितलं?"

"मी... मी, गुरुजी."

"का?"

"ती भट्टीवरची पोरं आहेत, गुरुजी. पायाला माती आहे. फरशी नवीन आहे, म्हणून म्हटलं..."

"तू पहिलीला आलास तेव्हा तुझ्या पायाला काय होतं?"

साहेब तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटले.

"मोठ्यानं."

"शेण, गुरुजी."

"शाळेची फरशी तेव्हा जुनी होती का नवी?"

"नवी होती, गुरुजी. शहाबादी."

"मग मी दार लावलं होतं?"

"नाही, गुरुजी."

"जा. उघड."

सफारी सूटमधला तो माणूस मधल्या वाटेनं चालत गेला. स्वतःच्या हातानं कडी काढली, दार उघडलं. पोरं भेदरून उभी होती. साहेबांनी बाजूला होऊन त्यांना आत घेतलं, मागचं बाक दाखवलं आणि परत येऊन आपल्या जागेवर उभे राहिले. हात मागं. पोरं बाकावर चढली. फरशीवर दारापासून बाकापर्यंत लाल पावलं उमटली होती. गुरुजींनी त्या पावलांकडं समाधानानं बघितलं.

मग ते मंडळीकडं वळले. "आता मतदान आहे. मला माहीत आहे. काल मला एका शहाण्यानं बजावून सांगितलं, की आजच्या दिवस कळ काढा." मी मशीनमागं लपलो. "काढणार होतो. पण आज कळ काढून पाळक झालो, तर उद्यापासून रोज काढावी लागेल. ते मला जमणार नाही. मी हा असा आहे. मी विचारणार, मी उभं करणार. नको असेल तर खुशाल बसून राहा, मला राग नाही. पण काय नाकारताय ते नीट ऐकून घ्या."

गुरुजींनी खिडकीबाहेर शाळेकडं बोट केलं.

"शाळेला आपण कुलूप लावलं. तुमची पोरं इंग्रजी शाळेच्या बसनं जातात. जाऊ द्या. आता त्या वर्गात लग्नाच्या पंगती बसतात. बसू द्या. मग मी यांना भट्टीवर शिकवायला लागलो. मालकानं हाकललं. चिंचेखाली बसवलं. पंचकमिटीनं सांगितलं, कंपाउंडात बाहेरची गर्दी नको. मग मी चर्चचा नुसता ओटा मागितला. नुसता ओटा. तेव्हा हा हेन्री मला म्हणाला... काय म्हणालास रे?"

"म्हणालो, चर्चची किल्ली फक्त पाळकाकडं असते, गुरुजी. आठवड्यात चर्च उघडायचं का नाही, ते पाळक ठरवतो."

"बरोबर. मी म्हटलं, असं होय? मग पाळक होतो." गुरुजींनी झगा जरा सारखा केला. "म्हणून गेलो दोन वर्षं. तुम्ही म्हणालात, गुरुजींना पाचारण झालं. झालं असेल. देवानं मला हाक मारली असेल, तर ती या हेन्रीच्या तोंडून मारली. संपला उपदेश."

आणि ते खुर्चीत जाऊन बसले. डोळे मिटले.

मी उबाळेसाहेबांकडं बघितलं. साहेब उभेच होते.

अध्यक्षसाहेब उठले. त्यांनी घाम पुसला, घड्याळ बघितलं आणि काहीच झालं नाही अशा आवाजात म्हणाले, "आता मंडळीनं निर्णय द्यावा. आपल्या रीतीप्रमाणं ज्यांना हे पाळक म्हणून पसंत असतील, त्यांनी उभं राहावं."

तेव्हा साहेबांच्या ध्यानात आलं. मी अगदी बाजूनं बघत होतो. त्यांचा चेहरा आधी लाल झाला, मग फरशीसारखा पांढरा. त्यांनी खाली बाकाकडं बघितलं. गुडघे हळूहळू वाकायला लागले. निम्मे वाकले. तेवढ्यात गुरुजींनी एक डोळा उघडला.

गुडघे सरळ झाले.

मागं कुजबूज सुरू झाली. "साहेब उभेत." "अरे, साहेब उभे राहिले." "उठ ना, बघतोस काय?" आधी ड्रायव्हर उठला. मग डंपरवाल्याचा बाप, मग ऑफिसातल्या सुनेची सासू, सुनेला कोपर मारत. साहेब बसले की बसायचं आणि साहेब उठले की उठायचं, एवढंच ज्यांना ठाऊक होतं ते सगळे उठले. बाकीचे आधीच उठले होते. भट्टीवरची पोरं इकडंतिकडं बघून उभी राहिली. बसलेलं असं कुणी राहिलंच नाही. एरवी कोण उठलंय ते साहेब मागं वळून बघायचे, त्या दिवशी काही वळले नाहीत.

"एकमतानं," अध्यक्षसाहेब म्हणाले. त्यांच्या ओठाचा एक कोपरा हलला, तो मी पाहिला. "सेक्रेटरींनी नव्या पाळकांना किल्ली द्यावी."

पाळकाची जागा रिकामी होती तोवर साहेबांकडंच असलेली ती वीतभर लोखंडी किल्ली त्यांनी सफारीच्या खिशातून काढली, पुढं जाऊन गुरुजींच्या हातात ठेवली आणि परत आपल्या जागेवर येऊन उभे राहिले. गुरुजींनी किल्ली झग्याच्या खिशात टाकली, खडूच्या जागी.

मंडळी खाली बसली, आणि मार्थामावशी उठली. "अध्यक्षसाहेब, एक काम राहिलंय."

मला वाटलं होतं, या गडबडीत विसरली असेल. ती कसली विसरते.

"विल्यानं पैज लावली होती, की गुरुजी कुणाला उभं करणार नाहीत. तो हरला. त्यानं आता बाकावर उभं राहून, कान धरून एकोणतीसचा पाढा म्हणायचाय. मी पंच आहे."

अध्यक्षसाहेबांनी गुरुजींकडं बघितलं. गुरुजींनी माझ्याकडं.

"माझ्यावर पैज लावलीस?"

"हो, गुरुजी."

"आणि माझ्याच विरुद्ध बाजूनं?"

"तुमच्याच भल्यासाठी, गुरुजी."

"चढ वर."

मी चढलो. पण हरायचंच आहे, तर चोरून कशाला? चढण्याआधी मी माइक घेतला, बटण लावलं आणि बाहेरच्या चिंचेवरचा मोठा भोंगा चालू केला. तो भोंगा भट्टीच्या दिशेला तोंड करून आहे. एक हात कानाला, दुसऱ्या कानाला हात पुरेना म्हणून तिमाला बोलावलं. त्यानं माझा दुसरा कान आनंदानं धरला, जरा जास्तच आनंदानं.

"एकोणतीस एके एकोणतीस!" भोंग्यातून अख्खं भानसगाव हादरलं. "एकोणतीस दुणे अठ्ठावन्न! एकोणतीस त्रिक सत्त्याऐंशी!"

टाळ्या पडल्या. मी हुरळलो. "एकोणतीस चोक एकशे सोळा! एकोणतीस पाचे एकशे पंचेचाळीस! एकोणतीस सक... एकशे... चौऱ्याहत्तर! एकोणतीस साते..."

गाडी अडकली. चौथीत जिथं अडकली होती, तिथंच. मी तिमाकडं बघितलं. तिमा छताकडं बघायला लागला. चर्चमध्ये खसखस पिकली.

"दोनशे तीन," कुणीतरी ओठ न हलवता पुटपुटलं.

"कोण सांगतंय?" गुरुजी गरजले. "उबाळे! त्याचं त्याला म्हणू दे."

"चुकलो, गुरुजी," साहेब म्हणाले.

मागच्या बाकावर हात वर झाले. लाल मातीचे, एकामागून एक, वर, आणखी वर, काही तर बाकावरच उभे राहून. "मी सांगू? गुरुजी, मी? मी?"

गुरुजी उठले, माझ्या हातातला माइक घेतला आणि आज पहिल्यांदा तो नीट तोंडासमोर धरला. "आत्ता नको. उद्या सकाळी सात वाजता. इथंच, चर्चमध्ये. पाटी असेल त्यानं पाटी आणावी, नसेल त्यानं तसंच यावं. पाय धुवायचे असतील तर धुवा, नाहीतर राहू द्या." आवाज चिंचेवरून भट्टीपर्यंत गेला आणि तिथून परत आला. "आणि विल्यम दाऊद ओहोळसुद्धा येतील. साताच्या पुढचं पाठ करून."

मग त्यांनी हात उंचावले. सगळी मंडळी आशीर्वादासाठी उभी राहिली. आशीर्वाद झाला, पोरं गुरुजींच्या झग्याला लटकली, गुरुजी त्यांच्याबरोबर बाहेर पडले, आणि पाठोपाठ सगळी माणसं. तिमानं माझा कान सोडला, माझा हात उचलून त्या कानाला लावून दिला आणि तोही पळाला. पण गेलं कुणीच नाही. सगळे दारात, खिडकीत गर्दी करून बघत उभे.

आत आम्ही दोघंच. मी बाकावर, कान धरून. साहेब खाली, हात मागं बांधून.

"साहेब," मी हळूच म्हटलं, "बसा की. गुरुजी गेले."

साहेबांनी मान न वळवता विचारलं, "बस म्हणाले का?"

"नाही."

"मग गप उभा राहा."